हिरव्या खुणांचं गाव

आमच्या डोंगराकडच्या मढच्या बाजूला धुकं उतरलं की घरं, झाडं, म्हशी सगळं एकसारखं दिसू लागतं. बीपीचं मशीन खांद्याला अडकवून मी त्यातून हिंडायचे, तेव्हा पाय जमिनीला लागत नाहीयेत असंच वाटायचं. मी गावची आशा सेविका. सरकारनं आरोग्याची घडी नव्यानं बसवायला घेतली होती. माणूस दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं नाही, आपणच दारात जायचं. महिन्याला प्रत्येकाचा बीपी मोजून आकडा मोबाइलमध्ये भरायचा. आकडा बरा असला की नावापुढं हिरवी खूण, वाढला की लाल.

बघता बघता आमचं गाव हिरवंगार झालं. मीटिंगमध्ये डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. येताना एसटीच्या खिडकीतून दिसणारे डोंगरसुद्धा माझ्याच कामामुळं हिरवे झालेत असं वाटत होतं.

एका दुपारी अंगणात वाळलेले हिरडे भरायला डबा उघडला, तर तळाशी बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. मीच सासूबाईंना दिलेली, जवळजवळ अख्खी. त्या ओट्यावर पेंगत होत्या. मी त्यांना आईच म्हणते.

"आई, हे काय?"

"मशीन लावायच्या आदी दोन दिस घेती की," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "आमी समद्या बाया तसंच करतो. तुजा आकडा नीट आला पायजे ना."

म्हणजे गावातल्या बायका महिन्यातून एकदा परीक्षेला बसत होत्या, आणि तीही माझ्यासाठी. मला रडू आलं आणि रागही आला, सगळ्यात जास्त स्वतःचाच. एका घरात राहून मला कळलं नाही. खरं म्हणजे हिरव्या खुणा बघून मला काही कळून घ्यायचंच नव्हतं.

तिथंच त्यांना मशीन लावलं. आकडा कधी नव्हता इतका वर गेला होता.

"भरू नको गं. तुला बोलत्याल साहेब."

मी भरला. नाव लाल झालं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आत्ताच्या आत्ता घेऊन या. गाडी दारात येईपर्यंत आईंच्या डाव्या हातातून तांब्या सुटला आणि तोंड किंचित वाकडं झालं.

वेळेत पोचलो म्हणून त्या वाचल्या. डावा हात मात्र अजून उचलत नाही.

पुढच्या महिन्यात मी आधी न सांगताच मशीन घेऊन गेले, आणि निम्मं गाव लाल झालं. मीटिंगमध्ये मला विचारलं, हे एकदम कसं काय? जे होतं ते सांगितलं.

घरी आले आणि आईंच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला. त्या घाबरून माझ्याकडं बघत होत्या.

"आन् वाईट आला तर?"

"येऊ द्या. मला आकडा नको, तुम्ही हव्यात."