सोड्याने धुतलेली पट्टी

सकाळी हॉल उघडला की मी आधी दिवे लावतो, मग बूट घालतो आणि गोळा उचलतो. इथे सगळे त्याला गोळाच म्हणतात. गोळा सोडायच्या लांब लाकडी पट्टीच्या टोकाला उभ्या असतात त्या बाटल्या, आणि खेळाचं नाव पाडापाडी. बाहेर पाटीवर इंग्रजीत बोलिंग लिहिलंय, पण ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांसाठी.

माझा गोळा किरमिजी आहे. साधा प्लॅस्टिकचा, पांढऱ्या रेघांचा, अंगठ्याच्या भोकाशी टवका उडालेला. त्याच्यावरचा वजनाचा आकडा केव्हाच झिजून गेला. दोन्ही पट्ट्यांवर मी तो एकेकदा सोडतो. बाटल्या किती पडल्या ते बघत नाही. तो कुठे वळतो ते बघतो.

पट्टीवर तेलाचा पातळ हात मारलेला असतो, बाटल्यांजवळचा तुकडा तेवढा कोरडा. तेलावरून गोळा घसरत जातो. कोरडं लागलं की त्याला जमीन सापडते आणि हाताने दिलेला पीळ तिथे दिसतो. तेल ताजं असलं तर हा माझा गोळा जवळजवळ सरळच जातो, वळायचं विसरल्यासारखा. दिवसभर लोक खेळले, तेल पुसलं गेलं, की संध्याकाळी शेवटी शेवटी हळूच डावीकडे मान वळवतो. पावसाळ्यात सगळं दमट असतं, तेव्हा आधी त्याला टॉवेलने कोरडा करावा लागतो, नाहीतर हातातूनच निसटतो. महागडे गोळे मनाला येईल तसे वळतात. हा पट्टी जशी असेल तशी सांगतो. मला अशी माणसं आवडतात, म्हणून कदाचित गोळाही आवडतो.

"झाली का पूजा?" गेटवरचे काका रोज विचारतात. त्यांचं घर तळ्याकाठी, घरचे सगळे मासे धरतात. एकटे तेच कोरड्या जमिनीवर कामाला आले.

"पूजा नाही काका, तपासणी."

"मंग डॉक्टरच म्हनतो तुले."

मी मंगळवेढ्याकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पडेल ती कामं करत नागपूरला पोचलो, तिथे एका मॉलमधल्या बोलिंगच्या हॉलवर लागलो. तो हॉल बंद पडला तेव्हा साकोलीजवळच्या हायवेवरच्या या रिसॉर्टच्या मालकांनी त्यातल्या दोन पट्ट्या विकत घेतल्या. पट्ट्या, बाटल्या, गोळे, भाड्याचे बूट असं सगळं ट्रकमध्ये भरलं आणि ते बसवायला माहीतगार माणूस पाहिजे म्हणून मलाही. मी किरमिजी गोळा मांडीवर घेऊन आलो, कारण बाकीचे गोळे क्रेटमध्ये एकमेकांवर आपटत होते.

आल्यावर पहिले महिने माझे वाईट गेले. मी भाकरीवर वाढलेला, आणि इथे दोन्ही वेळा भात. पोट बिघडलं, वर ताप आला. रिसॉर्टची साफसफाई करणारी मावशी सानगडीकडून यायची. तिने मला खोलीत पडलेला बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात तांदळाची पेज आणायला लागली. बरा झाल्यावर म्हणाली, "तुले काय खावाले लागते ते सांग ना बाबू. तोंड कायले शिवून ठेवलं?" मी ज्वारी म्हणालो. तिचं माहेर अड्याळचं. तिकडे गेली की बाजारातून ज्वारी घ्यायची, दळून आणायची. घरापासून इतक्या लांब कुणी मला काय खावंसं वाटतं हे विचारेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यामुळे तिला कशालाही नाही म्हणणं मला जमत नसे, आणि त्याचाच पुढे घोळ झाला. कारण पट्टीवर मी काय मारतो ते ती बघायची, नाक मुरडायची, "शी, किती ओशट करून ठेवते हा," म्हणायची, आणि मी नुसता हसायचो.

दसऱ्याच्या थोडं आधी मालक हॉलमध्ये आले. उभ्या उभ्याच बोलले. "हे बघ, लग्नाच्या सीझनले मला पंगतीची जागा कमी पडून राहिली. दसऱ्याले घरचे आणि नागपूरचे पाहुणे आणतो. त्यांना मजा आली तर ठेवू. नाही तर पट्ट्या काढून इथे टेबलं लावू."

"आणि मी?" हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

नागपूरहून मागवलेला तेलाचा डबा सणानंतर येणार होता. जुन्या डब्यात उरलेलं सगळं तेल मी आदल्या दुपारी दोन्ही पट्ट्यांवर नीट मारलं आणि झेंडू आणायला साकोलीला गेलो. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, इथे माझं अवजार म्हणजे गोळाच.

सकाळी दिवे लावले. पट्ट्या चमकत होत्या, पण नेहमीसारख्या नाही. घासलेल्या ताटासारख्या. गोळ्याला कुंकू लावायच्या आधीच मी तो सोडला. आवाजच वेगळा आला, खरखरीत. निम्म्या पट्टीवरच तो वळला आणि कोपऱ्यातल्या एका बाटलीला धक्का देऊन खाली गेला. मी वाकून बोट फिरवलं. बोट कोरडं. धुण्याच्या सोड्याचा वास.

काका दारात उभेच होते. "अरे, मावशीनं काल घासून काढली ना. मले बादल्या वाहाले लावल्या. म्हने, सनावाराले घर धुतो, मंग पोराची पट्टी कायले चिकट ठेवाची."

मावशीकडे दसऱ्याआधी आठवडाभर घराची सफाई चालते. भिंती चुन्याने पोतारायच्या, भांडी घासायची, आणि दसऱ्याला पांढरी साडी नेसून सगळ्या घराने नागपूरला जायचं, दीक्षाभूमीवर. ती पहाटेच निघून गेली होती. जाताना माझंही घर धुऊन गेली होती. तिने हॉलला माझं घर धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं, आणि राग कुठे ठेवावा ते समजेना. खायचं तेल मारता येत नाही, त्याचा चिकटा होतो. दुसरं काही नव्हतं. गोळ्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि बसून राहिलो.

पाहुणे आले. मालकांनी स्वतःचा निळा, झगमगता गोळा पिशवीतून काढला. तो गोळा तेलासाठीच बनवलेला, आणि मालकांना मनगट मुरडून सोडायची हौस. पहिला गोळा अर्ध्यातून पट्टीच्या डाव्या कडेच्या नाल्यात. दुसरा त्याच्याही आधी. पाहुण्यांत कोणी तरी खोकल्यासारखं हसलं.

"तेल नाही मारलं का बे?" मालकांनी मला विचारलं.

"संपलंय साहेब. सणानंतर येतंय."

"म्हणजे आजच संपाले पाहिजे होतं!"

त्यांची आई मागे खुर्चीवर बसली होती. गुडघे धरून उठली आणि मला म्हणाली, "मले दे रे एक. तो कुंकवाचा दे."

"आई, जड आहे तो."

"तुले कडेवर घेऊन धानाचा रोवणा केला मी. तू जड नव्हता का?"

मी तिला पट्टीच्या अगदी तोंडाशी नेलं. तिने गोळा दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि पीठ मळायला परात सरकवावी तसा सरकवला. पीळ नाही, जोर नाही. एरवी तेलावर असा गोळा जरा तिरपा सुटला की तिरपाच घसरत जातो. त्या कोरड्या पट्टीवर तो सुतासारखा गेला, इतका सावकाश की झेंडूची एक पाकळी चिकटलेली फिरताना दिसत होती. मधल्या बाटलीला लागला. मग एकेक करत बाकीच्या कलंडल्या, शेवटची तर विचार करून पडली.

हॉलमध्ये एकच गलका झाला.

"हात कायले मुरडते?" आई मालकांना म्हणाली. "सरळ सोड ना."

मग प्रत्येकाला तोच गोळा पाहिजे झाला. निळा बाजूला पडला. मालकांनीही शेवटी किरमिजी घेतला, मनगट सरळ ठेवलं आणि बाटल्या पाडल्या. आईने दिलेली शाबासकी त्यांनी कान लाल करून घेतली. दुपारच्या जेवणाला सगळे उशिरा गेले. जाताना मालक दारात थांबले. "दिवाळीपर्यंत राहू दे. मग पाहू."

दिवाळीपर्यंत म्हणजे काय, याचा अर्थ मी रोज वेगवेगळा लावत होतो.

मावशी परत आली ती माझ्यासाठी पायमोजे घेऊन. "लोकायनं घातलेल्या बुटात पाय घालते तू. मोजे तरी सोताचे घाल. आन पट्टी कशी चालली? चकाचक केली होती."

मी चांगली म्हणणार होतो. पण काका आधीच बोलून चुकले. सगळं ऐकून ती पायरीवर बसली.

"मंग माह्यानं तुही नोकरी जात होती?"

"गेली नाही अजून."

"तुले पहिलेच सांगाले काय झालं होतं? ओशट म्हनत होती तं नुसता दात काढत होता!"

पेज, ज्वारी हे सगळं सांगायचं तर लाज वाटली. मी मोजे घातले. ते बघून ती थोडी निवळली, पण त्यानंतर दिवाळीपर्यंत तिलाही चैन नव्हतं. मालकांची गाडी आली की झाडू घेऊन उगाच हॉलच्या आसपास फिरायची.

नागपूरचा डबा आला. मी तेल मारलं, गोळा पुन्हा सरळ जायला लागला. दिवाळी झाली. मालक काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मग एका दुपारी टेम्पोवाल्याने तेलाचे आणखी दोन डबे उतरवले. मी मागवले नव्हते. पावतीवर मालकांची सही होती.

मावशीने डबे बघितले, माझ्याकडे बघितलं. "दोन डबे. कोनी दोन दिवसांसाठी इतकं तेल आनत नाही."

"नाही आणत."

"मंग दे इकडे तो गोळा."

इतके दिवस तिने हॉल नुसता झाडला-पुसला होता, खेळली कधीच नव्हती. पदर खोचला, मालकांच्या आईने सोडला होता तसाच दोन्ही हातांनी सोडला. पण आता तेल ताजं होतं. गोळा आरामात घसरत, जराही न वळता, तिरपाच नाल्यात गेला.

"पाहिलं?" कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "धुतली असती तं पडल्या असत्या."

गोळा खालून घरंगळत परत आला. तिने हात पुढे करून ठेवलाच होता.