चार पंखे आणि एक पिन

आमच्या कंप्युटरला मी चार नवे पंखे बसवले आणि त्यानंतर दोन मिनिटांत तो उकाड्यानं बंद पडला.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या उन्हाळ्यातली. हुबळीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान, आणि घर उणकलला. घरात तीन माणसं: माझे वडील अप्पा, मी आणि माझी थोरली बहीण शालूअक्का. भावोजी गेल्यावर अक्का माहेरी आली ती वर्षभर फारशी कुणाशी बोललीच नाही. मग एक दिवस आपणहून उठली, कंप्युटरच्या क्लासला नाव घातलं, मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग शिकली आणि घरीच लग्नपत्रिका करायला लागली. सुरुवातीच्या सगळ्या पत्रिका नात्यातल्या. मग अमरगोळच्या मार्केट यार्डातले मिरचीचे व्यापारी बसवराजण्णा आपल्या लेकीच्या लग्नाचं काम घेऊन आले. बाहेरचं पहिलं काम! अक्का त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. अप्पांनी मला खुणेनं गप्प बसवलं, मध्येच थांबेल म्हणून.

आणि नेमका तेव्हाच कंप्युटर दगा द्यायला लागला. दुपारी अर्धा तास चालला की फट्‌कन बंद! हात लावला तर कॅबिनेट तव्यासारखं तापलेलं. अक्कानं शेजारी टेबलफॅन ठेवून बघितला. कंप्युटर तसाच बंद पडला आणि पत्रिकेचे नमुने तेवढे न्हाणीघरापर्यंत उडाले.

"कुणाला तरी बोलवू या की रे," अक्का म्हणाली.

"कशाला? त्याला वारा कमी पडतोय. मी बघतो!"

(मी आयुष्यात तोवर कंप्युटर उघडलेला नव्हता. पण मिक्सर उघडला होता. तो बंद कसा करायचा, एवढंच राहिलं होतं.)

हुबळीतला ओळखीचा दुकानदार 'मी येऊन बघतो' म्हणाला असता, आणि मला तर कुणी बघायला नको होतं. म्हणून बस धरून थेट धारवाड गाठलं. सुभाष रोडवरच्या एका दुकानात म्हटलं, "कंप्युटरचे पंखे द्या. चार."

"चार?" दुकानदारानं मान वर केली. "बोर्डात पंख्याच्या पिना एष्ट अदाव?"

पिना किती, म्हणे! "भाळ अदावरी!" मी ठणकावून सांगितलं. भरपूर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान अप्पांच्या पुतण्यावर सोपवून मी कॅबिनेट उघडलं. बसवराजण्णा अकराला पत्रिका बघायला येणार होते. माझ्या हिशेबानं हे अर्ध्या तासाचं काम. अप्पा खुर्ची ओढून समोर बसले.

पंखे अडकवायला कॅबिनेटमध्ये जागा दोनच होत्या. उरलेले दोन मी सुतळीनं बांधले. मग वायरी खोचायच्या पिना शोधायला आत डोकं घातलं. मोकळी पिन होती एक. बॅटरी मारून पुन्हा बघितलं. एकच!

"मिळाल्या का?" अप्पांनी विचारलं.

"मिळाल्या."

"किती?"

"अप्पा, तुम्ही पेपर वाचा बघू."

तेवढ्यात मला दिसलं, की मधोमध एक चिमुकला पंखा, धुळीनं पार माखलेला, आणखी एक पिन अडवून बसलाय. माझे नवे पंखे त्याच्या दुप्पट मोठे. मी त्याची वायर उपटली. झाल्या की दोन पिना! आता प्रत्येक पिनेवर दोन पंखे घालायचे, म्हणून दोन पंख्यांच्या वायरी कापल्या, सोलल्या, उरलेल्या दोघांच्या वायरींना पीळ देऊन जोडल्या, वर चिकटपट्टी. पाकिटांतून काही वायरींचे तुकडे निघाले होते. ते पॅकिंग समजून केरात टाकले.

बटण दाबलं आणि चारही पंखे भर्रकन सुरू! शिवाय त्यांच्यात निळे दिवे होते, हे मला ठाऊकच नव्हतं. अख्खी खोली निळी झाली.

"कंप्युटर आहे की देव्हारा रे?" अप्पा म्हणाले.

अक्का हात पुसत आली. तिला एवढं कौतुक वाटलं की तिनं चक्क टाळ्या वाजवल्या! पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चेतावणी आली होती, पंख्याबद्दलच. खाली लिहिलं होतं, पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा. मला पुढंच जायचं होतं. दाबलं.

अक्कानं पत्रिका उघडली. गणपती दिसला, वधूचं नाव दिसलं, वराचं अर्धं दिसलं आणि फट्‌! सगळं काळं.

"पहिल्यांदा होतं असं," मी म्हणालो.

दुसऱ्यांदाही झालं. तिसऱ्यांदा तर गणपतीसुद्धा पुरता आला नाही. आणि दारात बसवराजण्णा उभे! धोतर, पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा.

"एनातु?" त्यांनी विचारलं. काय झालं?

"काही नाही अण्णा, मशीन जरा थंड करतोय," मी म्हणालो.

ते उघड्या कॅबिनेटकडं, सुतळीकडं, माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिले. मग खुर्चीत टेकत कन्नडमध्येच म्हणाले, "अवसर इल्लरी." घाई नाही. फक्त संध्याकाळी प्रेसला द्यायचंय. उद्यापासून पाहुण्यांना वाटायला निघायचं.

अक्काचा चेहरा मात्र पुन्हा माहेरी आली त्या वर्षातल्यासारखा होत चाललेला मला दिसला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं! मी म्हणालो, "अक्का, मी त्या दुकानदाराला फोन..."

"कंप्युटरबरोबर एक पुस्तक आलं होतं. कुठाय?"

पुस्तक कपाटाच्या पायाखाली होतं. (कपाट डगमगत होतं, मीच घातलेलं.) अप्पांनी आणि बसवराजण्णांनी मिळून कपाट उचललं, मी पुस्तक ओढलं. अक्का जमिनीवर बसली आणि पत्रिकेचं प्रूफ तपासते तसं, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागली. मग तिनं बॅटरी मागितली आणि कॅबिनेटमध्ये वाकली.

"बाळू, हे वाच."

पिनेशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं: सीपीयू फॅन. म्हणजे कंप्युटरचा मेंदू थंड ठेवणारा पंखा.

"नावाची पाटी आहे की रे! ज्याचं घर त्यालाच बाहेर काढलास आणि दोन परके आत घातलेस?"

बसवराजण्णांना मराठी उत्तम कळत होतं, हे त्यांच्या हसण्यावरून तेव्हा कळलं.

अक्कानं माझा सगळा पसारा उपसला. रांगोळीची रेघ पुसायचा ब्रश आणून त्या चिमुकल्या पंख्यावरची धूळ झाडली. ती एवढी निघाली की अप्पा शिंकत अंगणात गेले! मग त्याची वायर त्याच्या पिनेत घातली आणि मला म्हणाली, "आता फोन कर."

धारवाडचा दुकानदार फोनवर म्हणाला, "बोर्डावर एवढे पंखे घालू नका, पिन जळंल. एसएमपीएसमधून, त्या वीज देणाऱ्या डब्यातून, वायरी येतात ना, त्यांतून करंट घ्यायचा. त्यासाठी पाकिटात जोडवायर दिलीय की प्रत्येकाला!"

केराची टोपली मी उलटी केली. कांद्याच्या सालींतून चारही जोडवायरी निघाल्या. पण मी कापलेले दोन पंखे आता कशालाच जोडता येईनात. शिल्लक राहिले दोन, आणि तेही मी दोन्ही आत वारा फेकणारे बसवले होते. अक्कानं उदबत्ती पेटवली, पंख्यासमोर धरली, धूर कुठं जातो ते बघितलं आणि एक पंखा उलटा करून मागं लावला. आता धूर पुढून आत शिरून मागून बाहेर पडायला लागला. बसवराजण्णांनी नकळत हात जोडले.

कंप्युटर सुरू झाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास! सारखं बंद पडण्यात पत्रिकेचा शेवटचा भाग पुसला गेला होता. मग बसवराजण्णा एकेक नाव कन्नडमध्ये सांगत गेले आणि अक्का टाइप करत गेली. चारच्या सुमारास ते पत्रिका घेऊन प्रेसला निघाले. पेढे मात्र ठेवून गेले.

मी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होतो. "अक्का, चुकलं माझं."

तिनं चहाचा कप पुढं केला. "माझ्यासाठीच धडपडत होतास की रे. पुढच्या वेळी मात्र आधी मला विचार." आणि मग एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. मलाही पेढा घशात अडकेपर्यंत हसू आलं.

बसवराजण्णांनी ही कथा यार्डात सगळ्यांना सांगितली असावी. महिन्याभरात आमच्याकडं पत्रिकांबरोबर बंद पडलेले कंप्युटरही यायला लागले. रिक्षातून उतरवून लोक विचारतात, "मशीन बघणाऱ्या बाई आहेत का?" मी अदबीनं आत घेतो, बसवतो, पाणी देतो. परवा एकानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "हेही दुरुस्तीचं काम करतात का?"

"नाही," अक्का स्क्रू काढता काढता म्हणाली, "तो गिऱ्हाईक तयार करतो!"