सढळ हात आणि गोगलगायी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी आयुष्यभर वाढायचं काम केलं. खिडकीतून ताट आत आलं की भात, त्यावर भाजी, की चला पुढचा. कुणाला किती हवंय हे विचारत बसले असते तर मागची रांग माझ्या अंगावर आली असती. त्यामुळे विचारायची सवयच लागली नाही. माझ्या खिडकीतून कुणी अर्धपोटी गेला नाही, हा माझा तोरा. आता मी निवृत्त झालेय, हात मात्र कामावरच आहे. आमचे हे म्हणतात, "तुझ्यापुढे ताट धरायला छाती लागते." म्हणू देत. त्यांच्या शर्टाची बटणं बघितली की माझं काम कळतंच.

सून घरात आली ती माशांची काचेची टाकी घेऊनच. रंगीत मासे, हिरवी झुडपं, तळाला पांढरे खडे. पोरगी गुणाची, पण अबोल. "हो आई", "नको आई", "बरं आई", संपलं बोलणं! जेवण झालं रे झालं की ताट घासायला टाकून खोलीत. मी आपली चार गप्पा होतील म्हणून तोंड पुसून बसलेली. मनात सारखं यायचं, हिला मी आवडत नाही. मी खाष्ट असते तर एक वेळ समजलं असतं, पण मी तर जीव ओवाळून टाकत होते हो! फार वाईट वाटायचं.

अशात तिला नोकरीच्या ट्रेनिंगसाठी महिनाभर बाहेरगावी जावं लागलं, आणि जाताना तिनं टाकी माझ्या हवाली केली. स्वतःच्या नवऱ्याच्या नाही, माझ्या! मी हुरळूनच गेले. ती म्हणाली, "आई, चिमूटभर खाद्य, दिवसातून एकदाच. तळाशी दोन-चार बारक्या गोगलगायी दिसतील. झुडपांबरोबर आल्यात. असू द्या, त्या उरलंसुरलं खाऊन टाकतात."

मी मान डोलावली. पण मी टाकीजवळ गेले की सगळे मासे धावत काचेशी यायचे आणि तोंडं उघडमीट करायचे. हे बघून चिमटीवर कोण थांबेल? मी तरी नाही. सकाळी घातलं, दुपारी आपण जेवताना त्यांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून घातलं, संध्याकाळी चहाबरोबर घातलं.

बघता बघता त्या दोन-चार गोगलगायींचं गोकुळ झालं. काचेवर गोगलगायी, पानांवर गोगलगायी, पंपाच्या नळीवरसुद्धा गोगलगायी. पानांखाली अंड्यांचे चिकट ठिपके. रोज संध्याकाळी सून व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "मासे दाखवा ना." मी टाकीचा वरचा भाग दाखवायचे आणि तळाकडे फोन जाऊ द्यायचे नाही. माझ्यावर पहिल्यांदा काही सोपवलं होतं तिनं, आणि मी त्याची ही दशा केली होती. जीव नुसता टांगणीला.

टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "रात्री काकडीची चकती आत सोडा. सकाळी तिला चिकटलेल्या सगळ्या बाहेर काढा." सोडली. सकाळी चकती दिसेना इतक्या त्या चिकटलेल्या. काढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच! यांनी पेपर खाली करून विचारलं, "खाद्य कमी केलंस का?" मी म्हटलं, "माशांनी काय घोडं मारलंय?" हे पुन्हा पेपरात गेले.

सून यायची वेळ जवळ आली तशी माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी दुकानातून गोगलगायींचं औषध आणलं. दुकानदारानं बजावलं होतं, थेंब मोजून घाला. थेंब मोजणं माझ्या रक्तात कुठलं! ओतलं टोपणभर.

दुसऱ्या दिवशी तळाला मेलेल्या गोगलगायींचा खच, पाणी ताकासारखं, आणि वास असा की हे खिडकीत जाऊन उभे. मासे सगळे वर येऊन तोंडं वासत होते. आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, भूक लागली! घातलं आणखी खाद्य.

तेवढ्यात सुनेचा व्हिडिओ कॉल. हातातला फोन तसाच टाकीसमोर, लपवायला वेळच मिळाला नाही.

"आई, त्यांना भूक नाही लागलेली, श्वास लागलाय! हवेचा पंप पूर्ण सोडा. मेलेल्या गोगलगायी काढा. पिंपातलं साठवलेलं पाणी घ्या, नळाचं नको. निम्मं काढा आणि हळू भरा."

ती सांगत गेली, मी करत गेले. हे बादल्या उचलत होते. एक मासा आडवा झाला तेव्हा मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "रडू नका आई, पाणी घाला." बराच वेळ गेला. मग तो आडवा हळूच सरळ झाला, बाकीचे एकेक करून खाली उतरले. मी बादली पालथी घातली आणि तिच्यावरच बसले.

"किती वेळा घालत होतात?" तिनं विचारलं.

"तीनदा. आणि मधे तोंड उघडलं तर."

आता ही मला बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आई, एक बोलू? रागावणार नाही ना? माझंही असंच होतं. नको म्हणेपर्यंत ताटात पडलेलं असतं. टाकवत नाही म्हणून खाते. मग पोटाला इतकी तडस लागते की बसवत नाही. तशीच जाऊन आडवी होते."

म्हणजे मी नावडती नव्हते. पोरीचं पोट दुखत होतं! आधी मेला रागच आला, एवढं जीव लावून करावं आणि वर हे ऐकावं. मग भरून आलं.

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तुम्ही विचारतच नाही. थेट वाढता."

मग मी विचारलं, "अजून काय काय नको असतं गं तुला?"

मग चहातली साखर निघाली. लेकाच्या लहानपणीच्या त्याच त्या गोष्टी निघाल्या. दार न वाजवता खोलीत शिरणं निघालं. हे ओल्या पायजम्यात उभं राहून गालातल्या गालात हसत होते. दाराचं ऐकून उत्तर अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, पण गिळलं. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.