बरणी काढण्याचा अर्ज

ऑफिससमोरच्या हॉटेलात मी एकोणीस वर्षं दुपारचं जेवतो आहे. वेळ पाऊणची, टेबल खिडकीजवळचं. तिथल्या एका वेटरला बाकीचे ‘नकोशेठ’ म्हणत. गिऱ्हाइकाने बिलाच्या ताटलीत टीप ठेवली की तो ती उचलून त्याच्याच हातात परत देई आणि म्हणे, “नको.”

मला तो आवडायला लागला, त्याचं खरं कारण सांगून टाकतो. टीप देणं मलाही पटत नाही आणि त्यापायी ऑफिसात मला कवडीचुंबक म्हणतात. इथे मला कोणीतरी सोबतीला मिळाला होता.

एकदा मी विषय काढला, तेव्हा तो पेल्यात पाणी ओतत म्हणाला, “साहेब, नर्स इंजेक्शन देते, तिच्या हातावर कोणी काही टेकवतं का? तुम्ही कोणाचा कागद पुढे सरकवलात आणि त्याने तुमच्या खिशात नोट घातली, तर त्याला काय म्हणतात?”

“लाच.”

“मग माझ्याच वेळी ती टीप कशी होते? पगार मालकाने द्यावा. गिऱ्हाइकाने नीट बोलावं, बास.”

नीट बोलणारी गिऱ्हाइकं फार नव्हती. तोही कोणाच्या विनोदाला उगाच हसत नसे.

अडचण अशी होती की तिथे सगळ्यांची टीप गल्ल्याजवळच्या काचेच्या बरणीत जाई आणि शनिवारी वाटली जाई. नकोशेठ आपला वाटा घेत नसे. पण त्याच्या टेबलांवरून बरणीत काही पडतही नसे. “तत्त्व तुझं, खिसा आमचा,” असं आचारी त्याला ऐकवायचा. टीप न देणाऱ्या माझं टेबल आणि भांडी घासायच्या मोरीजवळची टेबलं कायम त्याच्याकडे असत. चार वाजता सगळे वेटर एकत्र जेवत, तेव्हा त्याच्या शेजारी फक्त त्याचा धाकटा भाऊ बसे.

धाकटा त्याच हॉटेलात वेटर होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता; थोरल्याने त्याला वाढवला आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. दोघं इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत राहत. धाकटा हसरा, बोलका. निम्मी बरणी त्याच्यामुळेच भरायची. त्याची बायको जागेअभावी माहेरी होती, म्हणून वेगळ्या खोलीच्या अनामतीसाठी तो टिपेचे पैसे साठवत होता.

हे त्याचं हसणंच थोरल्याला सहन होत नसे. एक दिवस तो माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, “साहेब, एक अर्ज लिहून द्याल? ती बरणी काढा आणि तेवढं आमच्या पगारात घाला, असा. पैशासाठी धाकट्याला ऐऱ्यागैऱ्यापुढे दात काढायला लागू नयेत.”

मी कॉमर्स शिकलेला माणूस. सवयीने मुद्दे पाडले. एक, टिपेची बरणी बंद करावी. दोन, त्या प्रमाणात पगार वाढवावा. नकोशेठने पहिली सही केली. बाकीच्यांना त्याने आठवडाभर समजावलं. धाकट्याने शेवटी केली. “दादा म्हणतोय म्हणून,” एवढंच म्हणाला.

सोमवारी बरणी गेली. दारावर पाटी लागली : येथे टीप स्वीकारली जात नाही. पगाराचं विचारल्यावर मालक म्हणाले, “पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्याचा विचार चालू आहे.” तो विचार पुढे चालूच राहिला. दोन्ही गोष्टी मी एकाच वाक्यात बांधायला हव्या होत्या, हे मला तेव्हा सुचलं.

“चूक माझी आहे,” मी नकोशेठला म्हणालो.

“पहिली सही माझी आहे, साहेब.”

आचाऱ्याने तेवढ्यात आतून टोमणा मारला, “झालं समाधान? आता सगळेच नकोशेठ.”

महिनाअखेर धाकट्याने पुलापलीकडच्या हॉटेलात नोकरी धरली आणि वळकटी घेऊन तिथल्याच कामगारांच्या खोलीत राहायला गेला. जाताना काय म्हणाला, ते नकोशेठने मला टेबल पुसता पुसता सांगितलं. “दादा, तुझं बरोबर असेल. पण तुझं बरोबर असणं मला परवडत नाही.”

त्यानंतर चार महिने भावाभावांत बोलणं नव्हतं. मग एका दुपारी नकोशेठने मला विचारलं, “उद्या माझी सुट्टी आहे. त्याच्या हॉटेलात जेवायला याल माझ्याबरोबर? एकट्याने जायला धीर होत नाही.”

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. धाकटा मेनूकार्ड घेऊन टेबलापाशी आला आणि आमच्या दोघांच्या मधोमध बघत म्हणाला, “काय आणू?”

“वहिनी... म्हणजे, तुझी बायको बरी आहे ना?” नकोशेठने विचारलं. गोंधळून त्याने भलताच शब्द वापरला होता.

“बरी आहे. सूप आधी आणू की बरोबरच?”

जेवण झाल्यावर नकोशेठ रिकाम्या प्लेटी एकावर एक रचायला लागला. मी त्याचा हात धरला. बिल त्याने दिलं आणि ताटलीत वर एक मोठी नोट ठेवली. बिलापेक्षा मोठी.

“अहो, तुम्ही?” मी म्हणालो.

“त्याला अनामत भरायची आहे.”

धाकटा आला. त्याने नोट पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि हसला. खिडकीजवळच्या टेबलावरून वर्षानुवर्षं पाहिलेलं, गिऱ्हाइकांसाठीचं ते हसू मी ओळखलं. “थँक यू, साहेब. परत या.”

आम्ही रस्त्यावर आलो.

“घेतली की त्याने,” मी म्हणालो. “आता बरं वाटत असेल.”

“परत करेल, असं वाटलं होतं.”

“का बरं?”

“भावाकडून टीप कोण घेतं, साहेब?”

समोरून बस येत होती. ती त्याच्या घराकडे जाणारी नव्हती, तरी त्याने हात दाखवून ती थांबवली आणि तिच्यात चढला.