एका सदऱ्याचे दोन वास

चौथ्या मजल्यावरच्या श्यामकांत खांबेट्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी वेसाव्याच्या कोळीवाड्यात एक बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या बिल्डिंगीत दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर पोचली. करंज्या काही घरांना कमी पडल्या, बातमी सगळ्यांना पुरली. पुरावेही भक्कम होते. माणूस रोज साडेदहाला बाहेर पडतो, तीनला परत येतो, कुठे गेला होता ते सांगत नाही. जाताना चेहरा सुतकी, येताना गाल टवटवीत. आणि सदऱ्याला सुक्या बोंबलाचा वास! हा वास पाचव्या मजल्यावरच्या माधुरीने लिफ्टमध्ये पकडला आणि लिफ्ट वर पोचेपर्यंत त्या बाईचं गाव, धंदा आणि अंदाजे वय तिने ठरवून टाकलं.

वय तेवढं चुकलं. बाई होती, कोळीणही होती. पण पुतळाबाई बहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघ्यांनी अधू, आणि आवाज असा की खाडीतल्या होडीला किनाऱ्यावरून जेवायला हाक मारावी. आणि खांबेटे तिच्याकडे जात होते ते झोपायला. म्हणजे खरोखरच झोपायला. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, घोरत.

खांबेटे हा मुळात बसणारा माणूस. पोस्टाच्या काउंटरवर छत्तीस वर्षं एका स्टुलावर बसले. रिटायर झाल्यावर घरच्या आरामखुर्चीत बसले. उठायचं झालं तर आधी दोनदा विचार करणार. असा हा गृहस्थ गेली दोन वर्षं घरात दहा मिनिटं टेकेना. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, परत हॉलमध्ये. सकाळी उठल्याबरोबर वीसेक शिंका. मग खोकला. रात्री आडवं व्हावं तर छातीत शिट्ट्या सुरू. उशा तीनच्या चार झाल्या, चारच्या पाच, आणि शेवटी माणूस पलंगावर बसूनच रात्र काढू लागला. जयंतीकाकूंनी ज्येष्ठमध दिलं, अडुळसा दिला, ओव्याची धुरी दिली. धुरीने तर जीव जायची वेळ आली.

छातीच्या डॉक्टर मृणालिनीबाईंनी त्यांना एका नळीत फुंकर मारायला लावली, कागद बघितला आणि दम्याचा पंप लिहून दिला. मग विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी वगैरे?"

उत्तर जयंतीकाकूंनी दिलं. "आमच्या घरात? डॉक्टर, तुम्ही एकदा येऊनच बघा."

जयंतीकाकूंचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना हा स्वर कळेल. पाहुण्याचा चहा पिऊन होतो ना होतो तोच कप विसळून पालथा. तीस वर्षं शाळेत मुलांची नखं तपासली, आता फरशीची तपासतात. त्या स्वरापुढे डॉक्टरांनी पुढचा प्रश्न काढला. बांधकामाची धूळ?

ती तर होतीच. शेजारची दुमजली बिल्डिंग पाडून तिथे बावीस मजली टॉवर उठत होता. "मग धूळ टाळा," डॉक्टर म्हणाल्या. जयंतीकाकूंनी अशी टाळली की टाळावी तर तशी. बेडरूमची खिडकी बंद. फटींना चिकटपट्टी. वर जाड पडदा. दोन वर्षांत त्या खोलीत धुळीचा कण शिरला नाही, आणि वाराही शिरला नाही. ऊन तर टॉवरनेच अडवलं होतं. ज्या भिंतीवर पूर्वी दुपारी हात ठेवला तर चटका बसायचा, ती भिंत बाहेरून बाराही महिने सावलीत. आतून त्याच भिंतीला मुलाच्या, शौनकच्या, लग्नात केलेलं कपाट: या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत, मधोमध आरसा. शौनक आणि सून बंगळूरला गेले, कपाट राहिलं. त्याला लागून पलंग. पलंगावर खांबेटे.

पावसाळ्यात खोकला आहेच म्हणायचा, पण गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला तो थोडा उतरला होता. यंदा उतरेना. आणि खांबेट्यांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. बाहेर पडलं की शिट्ट्या कमी होतात. बँकेत बसलं, कमी. वाचनालयात, कमी. बागेतल्या बाकावर तर चक्क डुलकी लागते. घराचं दार उघडलं की तासाभरात पुन्हा छाती आवळते. हे त्यांनी एकदा, फक्त एकदा, जेवताना बायकोला सांगून पाहिलं.

"म्हणजे ऍलर्जी माझीच आहे म्हणा ना," जयंतीकाकू म्हणाल्या आणि आमटीची वाटी जरा जोरात ठेवली.

त्यानंतर खांबेटे गप्प बसले. घराबाहेर बरं वाटतं, हे चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? नुसते हिंडू लागले. असेच एकदा सात बंगल्याच्या नाक्यावर दम लागून कठड्याला धरून उभे होते, तर मागून हाक आली.

"ओ पोस्टवालं भाऊ! काय झाला?"

पुतळाबाईचे फॉर्म खांबेट्यांनी वीस वर्षं भरून दिले होते. तिने त्यांना रिक्षात घातलं, घरी नेलं आणि अंगणात खुर्चीवर बसवलं. डोक्यावर बांबूंचा मांडव, त्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले बोंबील, खाडीचा कोरडा वारा. वास असा की माशी बेशुद्ध पडावी. खांबेट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मासा चाखलेला नाही. पण त्या खुर्चीत ते दोन तास झोपले. आडवे न होता, न खोकता. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडेच वळले.

हे असं महिनाभर चाललं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र घरीच इतका जोराचा दम लागला की नर्सिंग होममध्ये दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. सोडताना डॉक्टर मृणालिनीबाई त्यांना एकट्याला म्हणाल्या, "पंपाचा डोस वाढवलाय. आता वाढवायला फारसा उरला नाही. कशाने होतंय ते सापडायला हवं. पुढचा झटका इतका सोपा जाणार नाही."

खांबेटे हे वाक्य खिशात घालून घरी आले आणि त्याच पलंगावर बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोळीवाड्यात हजर.

आणि नेमकं त्याच दिवशी, माधुरीने रोज थोडं थोडं पेटवलेलं, जयंतीकाकूंच्या डोक्यात भडकलं. दोघी निघाल्या. माधुरी रस्ता दाखवायला म्हणून. रस्ता तिला कसा ठाऊक, हे कोणी विचारलं नाही.

खांबेट्यांना जाग आली ती बायकोच्या चपलांच्या आवाजाने. डोळे उघडायचा त्यांना धीर झाला नाही. ते तसेच मिटून, मान वाकडी ठेवून, कान टवकारून पडून राहिले.

"हे काय चाललंय इथे?" जयंतीकाकू.

"हलू बोल गो बाय. आत्ता कुठं डोला लागलाय त्याला."

"मी त्यांची बायको आहे."

"मंग बरा झाला आलीस. मला तुलाच विचारायचा व्हता. याचा सदरा कदी हुंगलास?"

याच प्रश्नाची तर जयंतीकाकू महिनाभर वाट बघत होत्या. "रोज हुंगते! बोंबील! तीन पाण्यातून काढला तरी जात नाही!"

"तो घरी येतानाचा. सकाली घरून निगतो तवाचा हुंगलास?"

मागे माधुरीने नुसतंच "अगं बाई" केलं.

"पहिल्या दिवशी आला तवाच मी सुनेला बोलले, ह्या मानसाच्या अंगाला बुऱ्याचा वास मारतोय. पावसात सुकट नीट नाय झाकली का असाच वास येतो. आमचा धंदाच तो, बाय. पाटीतला एक बोंबील बुरसला तरी मला लांबून कलतो. तुज्या घरात बुरा लागलाय. कपड्यांना लागलाय. तोच याच्या छातीत जातोय."

खांबेट्यांना वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. जयंतीला तिच्या घरात अस्वच्छता आहे असं आजवर एकाच व्यक्तीने सुनावलं होतं, त्यांच्या आईने. त्यानंतर आई दोन महिने मुलुंडला लेकीकडे राहिली होती.

"माझ्या घरात बुरशी?" जयंतीकाकूंचा आवाज बारीक झाला. हे लक्षण वाईट. "चला. आत्ता चला. सापडली तर तुमची पाटी मी डोक्यावर घेऊन अख्खा बाजार फिरेन."

"पाटी राहू दे. रिक्षा कर. माजे गुडघे गेलेत."

खांबेट्यांनी इथे डोळे उघडले, कारण रिक्षात त्यांनाही बसायचं होतं. एका बाजूला बायको, एका बाजूला पुतळाबाई, मधे हे. माधुरीला जागा उरली नाही, तिला मागून दुसरी रिक्षा करावी लागली. आणि तिने ती केली.

पुतळाबाई बेडरूमच्या दारातच थांबली. पलंग बघितला नाही, लखलखती फरशी बघितली नाही. नाक वर करून दोन श्वास घेतले आणि सरळ कपाटाकडे गेली. "ह्यो उघड." आत इस्त्रीचे कपडे, डांबरगोळ्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत साड्या, सगळं शिस्तीत. खालच्या कप्प्यातली गोधडी तिने ओढून नाकाला लावली आणि जयंतीकाकूंच्या नाकापुढे धरली. मग वाकून आत हात घातला आणि मागच्या प्लायवर बोटं वाजवली. लाकूड वाजलं नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं.

"ह्याच्या पाठी बघ."

"मागे काही दिसत नाही, ते भिंतीला ठोकलेलं आहे," जयंतीकाकू म्हणाल्या. "आणि ते फोडायचं नाही. शौनकच्या लग्नाचं आहे."

त्या खोलीत येऊन पाच मिनिटं झाली होती. खांबेट्यांच्या छातीत पहिली शिट्टी वाजली. ती तिघांनाही ऐकू आली.

"जयंती," ते म्हणाले, "मला बाहेर दम लागत नाही. इथे लागतो. तू रागावशील म्हणून मी हे बोललो नाही, आणि न बोलता जवळजवळ मेलो. पुढचा झटका सोपा जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेही मी तुला सांगितलेलं नाही."

जयंतीकाकूंनी गोधडीची घडी घातली. पुन्हा उलगडली. स्वतःहून नाकाला लावली, या वेळी नीट, बराच वेळ.

"मिथुनला फोन करा," त्या म्हणाल्या. "सुताराला. उद्या सकाळी ये म्हणावं."

मिथुननेच ते कपाट केलं होतं, म्हणून त्याचा हात जड झाला. पण स्क्रू निघाले, मागचं प्लाय सुटलं आणि सगळ्यांनी तोंडावर पदर-रुमाल धरले. भिंतीवर जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत काळं कांबळं पसरल्यासारखं झालं होतं. कडांना हिरवट, कुठे पांढरी लव. जिथे पलंगाची उशी येते बरोबर तिथे सगळ्यात दाट. जयंतीकाकूंनी प्रतिक्षिप्त क्रियेने झाडू उचलला.

"झाडू नको मारू!" पुतळाबाई ओरडली. बाजार सुनेवर टाकून ती सकाळीच हजर झाली होती. "उडतो तो! एका बोंबलावरचा झटकलास तर सगल्या पाटीला लागतो. वल्या फडक्यानं पूस, फडका फेकून दे. आनि ह्याला आदी बाहेर काढ!"

म्हणून दिवसभर खांबेटे जिन्यात खुर्ची टाकून बसले, आणि आमच्या बिल्डिंगीतल्या प्रत्येकाला त्या दिवशी काही ना काही कामानं चौथ्या मजल्यावरूनच जावं लागलं.

पुढे सगळं एकदम झकास झालं असं नाही. भिंतीचं प्लास्टर खरवडलं, बाहेरून जिथून पावसाचं पाणी झिरपत होतं ती चीर बुजवली, पलंग हॉलमध्ये आला. शालूवर ठिपके पडले ते पडलेच. डॉक्टर मृणालिनीबाईंनी तपासणी करून सांगितलं की खरंच बुरशीचीच ऍलर्जी आहे. पंप आता हळूहळू कमी करू, पण एकदम सोडायचा नाही. खिडकी उघडली तशी टॉवरची धूळ घरात येऊ लागली. जयंतीकाकू दिवसातून दोनदा ओलं फडकं मारतात आणि बिल्डरच्या नावाने बोटं मोडतात. ऊन काही परत आलं नाही, ते कोणाच्या हातात नाही. पण खांबेटे आडवे झोपतात. दोन उशांवर.

जयंतीकाकूंनी पुतळाबाईची माफी वगैरे मागितली नाही. हाडांच्या डॉक्टरकडे तिचा नंबर लावला आणि स्वतः बरोबर गेल्या. पाटी डोक्यावर घेण्याची आठवण पुतळाबाईने करून दिली, तेव्हा म्हणाल्या, "आधी गुडघे बघू."

जानेवारीत एकदा संध्याकाळी खांबेटे भाजी घेऊन जिना चढत होते. हो, जिना! लिफ्ट चालू असताना. वरून माधुरी उतरत होती. तिने वाट अडवली आणि लाडात येऊन विचारलं, "काका, आता काय, कोळीवाडा बंद का? खरं सांगा हं, नुसते झोपायलाच जात होता ना?" आणि ती हसली. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि कठड्याला धरून ती बराच वेळ खोकत राहिली.

खांबेट्यांनी पिशवी खाली ठेवली, तिचा खोकला थांबेपर्यंत शांतपणे वाट बघितली आणि म्हणाले, "माझी चौकशी पुरे, माधुरी. तुझी बेडरूम आमच्या बरोब्बर डोक्यावर आहे. वर जा आणि आधी तुझं कपाट सरकव."