फाडलेल्या कडेचं कार्ड

धामणगावच्या स्टँडवर बुलढाण्याची सकाळची गाडी लागली, बाबानं बॅग वर टाकली अन् खिडकीपाशी येऊन मले म्हणे, "शिक्का मारायचा तर सरकारी मारजो. बाकीचे खेळ आता पुरे." गाडी निघाली. आई मागं उभी होती, पदर तोंडाशी. राजूर घाट चढेपर्यंत मी रडली अन् बुलढाण्याले उतरून दोन प्लेट पोहे खाल्ले. खरं तेच सांगते, भूक लागली होती.

बाबा असं काऊन बोलले ते आधी सांगून टाकते. आमच्या घरी भाजीपाला. भेंडी, वांगे, मेथी. भेंडी आडवी कापली का तिचा पाच कोनाचा ठसा उमटते, हे मले पाचवीत समजलं अन् तिथून मी बिघडली. बाजाराच्या दिवशी पाटीतल्या भेंड्या कापायच्या, शाईत बुडवायच्या अन् वहीभर फुलं उठवायचे. मग खोडरबर कोरले. मग बाबाच्या तुटलेल्या स्लिपरीच्या तळव्यात मोर कोरला, अन् तो मोर असा भारी उमटला का पूर्ण वर्गाले दिवाळीचे ग्रीटिंग वाटले मी. बाबा म्हणे, "ही पोट्टी एक दिवस पायातली चालती चप्पल बी कापन." आमच्याकडं शिक्का म्हणजे तलाठ्याचा, ग्रामसेवकाचा. त्या एका शिक्क्यासाठी वावर सोडून बाबानं किती चकरा मारल्या ते मी डोळ्यानं पाह्यलं आहे. त्याले वाटे, असा शिक्का पोरीच्या हातात यावा. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. फक्त ते माझं नव्हतं.

पुण्यात मी आली ती स्पर्धा परीक्षेसाठी. एका खोलीत चार कॉट, खाली सामान, वर आम्ही. सकाळी अभ्यासिका, दुपारी क्लास, परत अभ्यासिका. पहिल्याच आठवड्यात बाजूच्या खुर्चीवरची पोरगी मले म्हणे, तू बोलतेस ते किती गोड वाटतं गं, परत बोल ना. मी म्हणलं, मी काय टीव्ही आहे का बे? त्यानंतर आमची दोस्ती झाली, आजही आहे. तिच्या वाढदिवसाले मी खोडरबरावर तिच्या खिडकीतली कुंडी कोरून कार्ड बनवून दिलं. तिच्या ताईनं पाह्यलं, ताईच्या ऑफिसातल्यानं पाह्यलं, अन् मग एक दिवस अनोळखी बाईचा मेसेज आला का मुलीच्या बारशाले चाळीस बनवून देशील का. मी त्या दिवशी इतिहासाचं पुस्तक उघडंच ठेवून चाळीस वेळा पाळणा छापला. पुस्तकावर निळी शाई सांडली. मले काहीच वाईट वाटलं नाई, तेव्हाच समजलं का आपलं काही खरं नाई.

मग काय, शिकतच गेली. तेव्हा होतं खोडरबर अन् दाढीचं ब्लेड, आता आहे कार्विंग ब्लॉक अन् त्याचे वेगवेगळे कटर. तेव्हा एकच निळं पॅड, त्यात पाणी टाकून टाकून पुरवायचं. आता पिगमेंट इंक वेगळी, डाय इंक वेगळी, एम्बॉसिंगची पावडर वेगळी, हीट गन मारली का अक्षर फुगून वर येते, ते पाहायले मले आजही लहान पोरासारखी मजा येते. शनिवार-रविवारी पॉप-अप, म्हणजे एखाद्या हॉलमध्ये टेबल लावून विकायचं. दोन वर्षं परीक्षा दिली, दोन्ही वेळा नाई झालं. तिसऱ्या वर्षी मी क्लास सोडला. घरी फक्त विशालदादाले, माझ्या भावाले, सांगितलं. दादा म्हणे, "बाबाले समजलं तं पुढच्या गाडीनं घरी आणन तुले, अन् परत पाठवणार नाई." मले माहीत होतं. म्हणून सहा महिने मी फोनवर रोज खोटं बोलली, का हो, अभ्यास चालू आहे. हे काही मी अभिमानानं सांगून नाई राह्यली. पण खरं बोलली असती तर आज हे लिहायले पुण्यात नसती.

अन् मग दादाचंच साक्षगंध, पुण्यात साखरपुडा म्हणतात ते, ठरलं. मी म्हणलं, कार्ड मीच बनवणार. दादाले म्हणलं, नमुना पाठवते, तू बाबाले हळूच दाखव, आवडला का मग सांग का पोरीनं बनवलं. असा माझा मोठा प्लॅन होता. आता ऐका मी काय केलं. पुण्यात त्या दिवसात माझी एक डिझाईन लय चालून राह्यली होती. जाड पांढरा हातकागद, त्यावर फक्त काळी शाई, पुढच्या बाजूले एकही अक्षर नाई, नुसते ठसे. अन् चारही बाजूनं फाडलेली कड. त्याची बी पद्धत आहे. पट्टी ठेवायची, ओल्या ब्रशनं रेघ मारायची, कागद भिजला का हळूच फाडायचा, मग कड अशी लवदार येते. डेकल एज म्हणतात त्याले. स्टॉलवर लोकं त्या कडेवरून बोट फिरवत अन् म्हणत, किती क्लासी. मी सगळ्यात चांगला कागद काढला, सगळ्यात सुंदर फाडला, एक कोपरा तर जास्तच खाली गेला, म्हणलं राहू दे, नॅचरल दिसते. लिफाफ्यावर दादाचं नाव, मागं माझं नाव अन् पुण्याचा पत्ता टाकला अन् पोस्टात टाकून दिलं.

ज्याले समजलं त्यानं आतापर्यंत कपाळाले हात लावला असन. ज्याले नाई समजलं त्याच्यासाठी सांगते. आमच्याकडं कोणी गेलं का जे पत्र येते त्याचा कोपरा फाडलेला असते. मजकूर काळ्या शाईत. ते पत्र घरात नेत नाई. अंगणात उभं राहून वाचतात अन् तिथंच फाडून टाकतात. हे मले कोणी शिकवलं नव्हतं, मी ते पाहतच मोठी झाली. अन् तीन वर्षांत पार विसरून गेली.

लिफाफा आला तेव्हा घरी मोठी माय एकटी ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मोठी माय म्हणजे बाबाच्या मोठ्या भावाची बायको, घरातली सगळ्यात मोठी, पोस्टमनवर बी रागावणारी. तिले वाचता येते, पण तिनं वाचलंच नाई. पुण्याचा लिफाफा, आत पांढरा कागद, काळे डाग, कोपरा फाटलेला. तिनं तो अंगणात फेकला अन् टाहो फोडला, "अवो माय, गेली वं आपली पोट्टी." आई वावरातून पळत आली. बाबा तिच्या मागं, अनवाणी. कागद अंगणात पडलेला, अन् त्याले हात लावायची कोणाची हिंमत नाई.

अन् मी? मी एका हॉलमध्ये स्टॉल लावून बसली होती, फोन सायलेंट. एका काकूले समजावून सांगत होती का हे मशीनचं नाई, हाताचं आहे. फोन पाह्यला तर एकतीस मिस कॉल. लावला. बाबानं उचलला. मी हॅलो म्हणलं. बाबा म्हणे, "जिती हायेस नं?"

मी म्हणलं, "हो बाबा, काय झालं?"

"काई नाई झालं. घरी ये."

मी फोन लावायच्या आधीच दादा मोटारसायकलवर घरी पोचला होता. त्यानंच कागद उचलला, उघडला अन् ओरडून सांगितलं का अरे हे तर माह्या साक्षगंधाचं कार्ड हाये. कोणाले पटेना. मग घाबरून त्यानं सगळंच ओकलं, का ती क्लासले जातच नाई, ती कार्ड विकते, आज बी दुकान लावून बसली असन म्हणून फोन उचलत नाई. झालं. एका दमात मी मेली बी, जिती बी झाली अन् पकडल्या बी गेली.

घरी आली तर मोठी मायनं आधी मले पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा दिला. "आम्ही इथं मयताची तयारी करून राह्यलो अन् हे तिथं कार्ड इकून राह्यली." आई बोललीच नाई. बाबानं जेवण होऊ दिलं अन् दादाचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. तलाठ्याचा फॉर्म उघडून ठेवला होता.

"भर."

"नाई भरत, बाबा."

"दोन वर्षं वाया गेले का मंग?"

"नाई गेले. पण हा फॉर्म नाई भरत."

मी बाबाले असं तोंडावर 'नाई' कधीच म्हणलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं असते, हे लय जड गेलं. मी म्हणलं, "कोपरा फाडला ती माही चूक हाये, त्याची माफी मागते. आईची मागते, मोठी मायची मागते. पण कार्ड बनवणं ही चूक नाई. त्याची माफी नाई मागत."

बाबा उठले. जाता जाता म्हणे, "कार्ड मोताळ्याच्या प्रेसवाल्याकडं छापाले देतो. तुह्ये नोको."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी टाकली अन् सामान मांडलं. कोणी म्हणो का न म्हणो. पिवळसर कागद, कात्रीनं सरळ कापलेला, चारही कोपऱ्यांले हळद. गल्लीतल्या बाया एक एक करून आल्या. एक म्हणे, "हे तं आमच्या पोट्ट्याच्या खेळण्यासारखं दिसते." दुसरी म्हणे, "अवं, पण उठते भल्लं." मी नवा ठसा कोरत होती, आंब्याचं पान अन् सुपारी. लाल पॅड उघडलं तर मागून आईचा आवाज आला. दोन दिवसातला पहिला.

"हा लाल नोको. हा लिपस्टिकचा लाल हाये. कुंकवाचा पायजे."

मी लालवर थोडी भगवी थोपटली. आईनं मान हलवली. अजून थोडी. मग ती बसलीच माझ्याजवळ. ठसा दाबायचं काम दिसते तितकं सोपं नाई. हात डुलला का कड फाकते, एका बाजूले जोर गेला का दुसरी बाजू कोरी राहते. पुण्यात मी वर्कशॉपमध्ये लोकांले हे तासभर शिकवते. आईनं भाकर थापतात तसा तळवा ठेवला, एकदा दाबला अन् सरळ वर उचलला. पानाची शिर अन् शिर उमटली. मी पाहतच राह्यली. साठ कार्डांतले चाळीस तिनं छापले, अन् कोणते तिचे अन् कोणते माझे हे कोणीही ओळखन, तिचे चांगले आहेत.

बाबानं ते पाह्यलं. दोनदा ओसरीवरून गेले, दोनदा आले. प्रेसवाल्याकडं नाई गेले. संध्याकाळी कार्डं पिशवीत घातले, नावं टाकले अन् वाटायले निघाले. दादा सोबत होता, त्यानं मले येऊन सांगितलं का एका घरी विचारलं, कुठून आणले बापा, लय भारी हायेत. तर बाबा म्हणे, पुण्याहून आणले.

माझं नाव नाई घेतलं. ठीक आहे. खोटं तर नाई बोलले. मोठी मायनं मात्र स्वतःच्या माहेरासाठी चार जास्तीचे मागून घेतले अन् वर म्हणे, "भावाले सांगतो, मेलेल्या पोट्टीनं बनवले हायेत." पूर्ण घर हसलं. बाबा बी, तोंड फिरवून.

साक्षगंध झालं अन् तिसऱ्या दिवशी मी निघाली. परवानगी कोणी दिली नाई, मी मागितली बी नाई. दारात बाबा म्हणे, "फॉर्मची तारीख अजून गेली नाई."

मी म्हणलं, "जाऊ द्या तिले."

आता जे गावात आहेत अन् जे माझ्यासारखे निघून गेले, दोघांसाठी हे टायपून राह्यली. तुम्हाले बी कोणी विचारत असन, घर कुठलं, परत कधी येणार, अन् तुम्ही बी काहीतरी बोलून वेळ मारून नेत असान. मी ठरवलं आहे, आता वेळ नाई मारून नेणार. मी राहायले परत येणार नाई. दिवाळीले येईन, दादाच्या लग्नाले येईन, कोणाले बरं नसलं तर सगळ्यात आधी येईन. पुण्यात मी कड फाडूनच विकते, आजही, लोकं बोट फिरवतात अन् घेऊन जातात, त्यांच्यासाठी तो सुंदर कागद आहे अन् ते बी खरं आहे. पण आजपर्यंत तिथं हॉलमध्ये एकालेही ती कड पाहून काळजात धस्स झालं नाई. ते फक्त आमच्या अंगणात झालं. माझ्यासाठी, मी मेली असं समजून, एक अक्षर न वाचता. घर म्हणजे काय हे मले आता कोणी समजावून सांगायची गरज नाई.

मी पुण्याले परत आली त्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता बाबाचा फोन येते. जास्त काही बोलत नाई. "उठली का?" म्हणते. मी म्हणते, उठली. मग बाबा फोन ठेवून देते. माझे हात तेव्हा शाईत भरले असतात, स्क्रीनवर निळे लाल अंगठे उमटतात, पण मी पहिल्या रिंगलेच उचलते.

फॉर्मची तारीख मागच्या सोमवारी गेली. मंगळवारी बी फोन आला.