पाणी टाका अन् दार लावा

एप्रिल १९५८. देवळीच्या बाजाराचा दिवस, सकाळ.

हजर: मी, हेल्थ व्हिजिटर. गावच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी, त्यांची बायको सुमनबाई आणि धाकटी मुलगी इंदू. गुरुजींची थोरली विधवा बहीण, जिला सगळं गाव आत्याबाई म्हणतं. गुरुजींची थोरली मुलगी वच्छी, वय नऊ, देवीची पेशंट. गाडीवान, ज्याला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या म्हणून मुद्दाम निवडलेला. बैलजोडी.

हजर राहू नका असं सांगितलेले: गल्लीतले बाकी सगळे. तेही हजर.

गाडी दारात उभी होती. वच्छी उकळून वाळवलेल्या चादरीत गुंडाळून आत्याबाईच्या मांडीवर बसली होती. गल्ली मोकळी हवी म्हणून मी बाजाराचा दिवस निवडला होता, कारण त्या दिवशी अर्धं गाव सकाळीच देवळीची वाट धरतं. आणि आज एकही माणूस बाजाराला गेला नव्हता. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर, दारांत, खाली धुळीत माणसं उभी होती. बायकांच्या हातात पाण्याचे तांबे आणि कडुलिंबाच्या डहाळ्या. समोरच्या घरातली सोनाराची सून सगळ्यांत पुढे होती. तिच्या कडेवर तिचं तान्हं पोर होतं. त्या पोराला देवी काढलेल्या नव्हत्या, म्हणजे लस टोचलेली नव्हती.

इथवर गोष्ट कशी आली ते आधी सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. देवळीच्या जवळचं आहे एवढं पुरे.

आमच्या कामात दोन शब्द रोज लागतात. आयसोलेशन म्हणजे आजारी माणसाला वेगळं ठेवणं. क्वारंटाईन म्हणजे त्याच्या घरच्या धडधाकट माणसांनाही घरातच ठेवणं, कारण रोग त्यांच्या अंगात शिरलाय की नाही हे लगेच कळत नाही. देवीच्या रोग्याच्या अंगावरची शेवटची खपली गळेपर्यंत त्याच्यापासून दुसऱ्याला धोका असतो. तळहात आणि तळपायांवरच्या खपल्या सर्वांत उशिरा जातात. अंग साफ दिसतं, ताप गेलेला असतो, पोर उठून बसतं आणि घरच्यांना वाटतं की झालं. खरी ओढाताण तिथून सुरू होते.

गुरुजींच्या घरी मी पोचले तेव्हा दारावर कडुलिंब टांगलेला होता. आमच्या भागात अशा घरात कोणी आजारी आहे असं म्हणत नाहीत. माता आली आहे, म्हणतात. गुरुजी, सुमनबाई आणि इंदू यांना मी त्याच दिवशी देवी टोचल्या. वच्छीची खोली वेगळी केली. तिच्याजवळ फक्त आत्याबाई राहणार असं ठरलं. त्यांच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण आहेत. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत. मी हे समजावून सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मले ठाऊक आहे, बाई. माता एका घरात एकाच जिवाले दोनदा धरत नाई. तुमचं पुस्तक अन् आमचं म्हणणं, फरक काय मंग?"

फरक पुढे कळला. सुरुवातीचे दिवस आजाराशी झगडण्यात गेले. नंतर पाच माणसं चार भिंतींत काय करणार हा प्रश्न आला. बाहेर ऊन तापत चाललेलं. गुरुजींना शाळेत जायचं नाही, सुमनबाईंना विहिरीवर जायचं नाही, इंदूला अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. रिकामं माणूस भांडतं, नाहीतर चोरून बाहेर पडतं. म्हणून अशा घरांत काय काय करता येईल याची यादी काढायची मला सवय आहे. ती घेऊन मी खिडकीशी गेले आणि आत्याबाईंना वाचून दाखवू लागले.

वाकळ शिवा, म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, मातेच्या घरात सुई चालत नाही. टकळी फिरवा, असं गुरुजींनी सुचवलं, पण ते सूत खादी केंद्रावर जाणार, तिथून पुढे कोणाच्या हातात जाईल कोण जाणे. ते मीच खोडलं. शेवया करा. त्या वाळल्या की नातेवाइकांकडे जाणार, म्हणून माझी ना. तळण-फोडणी नको, म्हणून आत्याबाईंची ना. शाळेतली पुस्तकं परत जाणार, आणि पुस्तक उकळता येत नाही. वेणीफणी नको, आत्याबाई. शेजारच्यांशी पत्ते नकोत, मी. माझ्या बंदीतून जे सुटलं ते त्यांच्या बंदीत अडकलं.

शेवटी चिंचोके उरले. मी म्हटलं, चिंचोके उकळता येतात, नंतर जाळता येतात. आत्याबाईंनी विचार केला. चिंच आंबट, मातेला आंबट चालत नाही. पण चिंचोका आंबट नसतो. त्यांनी परवानगी दिली.

मग त्या घरात अष्टचंग सुरू झाला, चिंचोक्यांचं दान टाकून सोंगट्या हलवायचा खेळ. आत खोलीत खडूने पट आखला होता, बाहेर ओसरीवर तसाच दुसरा. गुरुजी बाहेर चिंचोके टाकत आणि दान ओरडून सांगत. आत आत्याबाई त्यांची सोंगटी हलवत आणि मनासारखं नसलं तर हलवत नसत. गुरुजी म्हणत, ताई, तू लबाडी करून राह्यली. आत्याबाई म्हणत, येऊन पाह्य मंग. तो येऊ शकत नाही हे दोघांनाही माहीत असे. वच्छी हसायची, ते सुमनबाई दाराबाहेर बसून ऐकायच्या. लेकीला हात लावता येत नव्हता, पण हसणं ऐकू येत होतं.

एक दिवस ते हसणं बंद झालं. मी गेले तेव्हा वच्छी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताप नव्हता. तोंडातले फोड भरून आले होते. तरी ती जेवत नव्हती आणि बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नाडी पाहिली तर हात काडीसारखा लागला. आजारातून वाचलेलं पोर आता उपासाने जातं की काय असं मला वाटलं. सुमनबाईंनी मला एवढंच विचारलं की तिला एकदा जवळ घेऊ का. मी नाही म्हणाले. तळपायाच्या खपल्या अजून होत्या.

घरच्यांनी मला सांगितलं की येत्या मंगळवारी तिला गल्लीतल्या सगळ्यांबरोबर मातामायच्या, म्हणजे देवीच्या, ओट्यावर नेऊन दहीभात वाहतो, म्हणजे माता शांत होईल. तेही शक्य नव्हतं. म्हणून मी दुसरा मार्ग काढला. तिला उघड्यावर न्यायचं, पण माणसांत नाही. गावाला लागून मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची, आमराई आहे. बाजाराच्या दिवशी तिकडे कोणी फिरकत नाही. वच्छी आणि आत्याबाई गाडीने जातील. बाकी तिघं मागच्या दाराने, शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने चालत जातील आणि लांब दुसऱ्या झाडाखाली बसतील. गाडीत अंथरलेलं तणस नंतर जाळायचं. आत्याबाईंची एकच अट होती की मातेने शीव ओलांडायची नाही. आमराई शिवेच्या आत होती.

मी देवळीला डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"सिस्टर, क्वारंटाईनमध्ये पिकनिक?"

"पेशंट जेवत नाही, सर."

"टॉनिक द्या."

"तिने तोंड उघडलं तर देईन."

त्यांनी जरा वेळ पेन फिरवलं. मग म्हणाले, एक जरी माणूस जवळ आला तर गाडी परत फिरवायची. मी हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी मी कोतवालाला दवंडी द्यायला सांगितलं: उद्या सकाळी गुरुजींच्या मुलीला आमराईत नेणार, गल्लीत कोणी थांबू नये. त्याने दवंडी दिली. गुरुजीच्या घरची माता उद्या बाहेर निघून राह्यली, गल्ली खाली ठेवजा. नंतर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माता नाई म्हणू तं काय म्हणू, बाई? रोगी म्हणू? अन् तेही गुरुजीच्या पोरीले?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. लोकांचंही नाही. त्यांना दवंडी नीट समजली होती. पण माता आपल्या दारावरून जाणार आणि तिच्या वाटेवर थंड पाणी टाकायचं नाही, बाजारात जाऊन मिरच्या विकत बसायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. बाजार पुढल्या आठवड्यात पुन्हा भरतो.

तर अशी ती सकाळ. मी गाडीपुढे उभी राहून हात वर केले आणि सांगू लागले की हा संसर्गाचा रोग आहे, मागे व्हा. मी जितकं बोलले तितके जास्त हात जोडले गेले. एका म्हातारीने माझ्याच पायांवर पाणी घातलं. सोनाराची सून दोन पावलं पुढे आली. ती म्हणाली, फक्त लेकराचे पाय गाडीले लावतो, बाई, मातेची नजर राह्यली पाह्यजे त्याच्यावर. मी गाडीवानाला म्हटलं, बैल सोड, आज जायचं नाही.

मागे वच्छीने ते ऐकलं. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली. रडली नाही. नुसती आत गेली, कासवासारखी.

आत्याबाई गाडीत उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"ऐका. ज्याले त्याले आपल्या दारापुढे पाणी टाकाचं आहे. पाणी टाका अन् दार लावा. मातेची वाट ओली पाह्यजे अन् रिकामी पाह्यजे. कोणी वाटेत उभं राह्यलं अन् काई झालं, तं मंग माह्याकडे येऊ नोका."

सोनाराची सून तिथेच थांबली. आत्याबाई तिच्याकडे वळल्या. "तू काऊन उभी? लेकरू घेऊन आंदर जा. मातेले लेकरू दाराआडूनही दिसते."

तांबे उपडे झाले. एकेक दार लागत गेलं. कड्या वाजल्या. थोड्या वेळात गल्लीत फक्त ओली माती आणि तिचा वास उरला. कुत्रीसुद्धा कोणीतरी आत ओढून घेतली होती. त्या ओल्या वाटेवरून गाडी गेली आणि मी मागून चालत गेले. माझ्या नोकरीत एवढा पक्का बंदोबस्त मी पाहिलेला नाही.

गावाबाहेर आल्यावर मी आत्याबाईंना विचारलं की दार लावायचं हे कुठे सांगितलेलं आहे.

"कोठंच नाई," त्या म्हणाल्या. "आत्ताच सुचलं."

आमराईत दोन झाडं निवडली होती. एकाखाली सुमनबाई, गुरुजी आणि इंदू आधीच येऊन बसले होते. दुसऱ्याखाली आत्याबाईंनी वच्छीला उतरवलं. मधे मोकळी जागा, तिथे मी. किती तरी दिवसांनी घरातली सगळी माणसं एकमेकांना पुरी दिसत होती. सुमनबाई उठल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या.

वच्छी बराच वेळ चादरीतच होती. मग इंदूने तिकडून हात हलवला. वच्छीने चादर डोळ्यांपुरती खाली केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आत्या, माहं तोंड तुह्यासारखं झालं का?"

मला वाटलं आत्याबाई काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेतील. मी असते तर तेच केलं असतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "माह्यापेक्षा कमी आहे."

"मंग इंदू भेईन मले."

"ते मले भेते का?"

वच्छीने विचार केला. "नाई. तुह्या आंगावर चढून बसते."

"मंग तुह्याही बसन. आता आपल्या घरात दोघीजणी झालो."

वच्छीने चादर गळ्याखाली जाऊ दिली. वारा होता. तिने झाडाकडे वर पाहिलं आणि कैरी मागितली.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडातले फोड गेले होते, माझी काही हरकत नव्हती. हरकत त्यांची होती. माता थंड होईपर्यंत आंबट नाही. त्या झाडाखाली पडलेली एक कैरी उचलून हातात फिरवत राहिल्या.

"माता घरात असताना आंबट चालत नाई," त्या शेवटी म्हणाल्या. "आता आपण घरात नाई."

दगडाने कैरी फोडली, माझ्याजवळच्या पाण्याने धुतली आणि एक फोड दिली. वच्छीने दातांनी कुरतडली. तिचं सगळं तोंड आंबटाने गोळा झालं. मग तिने दुसरी फोड मागितली. पलीकडच्या झाडाखाली सुमनबाईंनी पदर तोंडावर धरला आणि गुरुजी कारण नसताना इंदूला झाडांची नावं शिकवू लागले. घरून आणलेली भाकर वच्छीने दुधात कुस्करून खाल्ली. अर्धी. मला अर्धी पुरेशी होती.

परतताना आत्याबाई गाडीतून हळूच म्हणाल्या, "मले देवी आल्या तवा कोणी असं बाहेर नेलं नोतं. खोलीतून निघाली ते सरळ लोकाईच्या नजरेत." एवढंच. मग बैलांवर ओरडल्या.

शेवटची खपली गळल्यावर मातामायला दहीभात गेला, सगळी गल्ली गेली, मीही गेले. त्या घरातून गल्लीत दुसरी केस झाली नाही. सोनाराची सून त्याच आठवड्यात लेकराला घेऊन देवी काढायला आली. आत्याबाईंनी तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. डॉक्टरसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, याला पिकनिक म्हणू नका. पण आणखी दोन घरं आहेत, तिथेही करून टाका."

मी या प्रकरणातून एक गोष्ट शिकले. नुसतं 'हे करू नका' म्हटलं की लोक त्याभोवती जमतात. त्यांच्या हाताला काहीतरी करायला द्यावं, आणि त्याच्या शेवटी दार लावायला सांगावं.

वच्छी आता शाळेत जाते. मागच्या आठवड्यात मी त्या गावी गेले तर ती आणि आत्याबाई दोघी ओसरीवर माझी वाट अडवून बसल्या. त्यांचं ठरलं आहे. आता शीव ओलांडायची, गिरडच्या दर्ग्याला जायचं, टेकडी चढायची आणि मी बरोबर यायचं. घरातलं आणखी कोणी नको. गाडी त्यांनी बोलून ठेवली आहे, भाकरीबरोबर काय न्यायचं तेही ठरलं आहे. पण समुद्रपूरकडे पुन्हा देवीच्या केसेस निघाल्या आहेत आणि माझी ड्यूटी तिकडे लागली आहे. तिथली शेवटची खपली गळेपर्यंत मला रजा नाही. गिरड राहिलंय.